आरशातला उजवा हात

निरोप आला तेव्हा ज्योत्स्ना एका म्हाताऱ्याचा डावा डोळा झाकून उभी होती. रविवार कारंजावरच्या त्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची खोली मागच्या अंगाला होती. खोली कसली, दहा फुटांची बोळच ती. तक्ता वाचणारा माणूस तक्त्यापासून वीस फूट लांब बसवावा लागतो, आणि रविवार कारंजावर वीस फूट मोकळी जागा देवालासुद्धा मिळायची नाही. म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला, त्यावरचं सगळं मुद्दाम उलटं छापलेलं, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात बघितलं की उलटं सुलटं होतं आणि दहा फुटांचे वीस होतात. या उलट्या अक्षरांत ज्योत्स्नाने बावीस वर्षं काढली होती. उलटा 'ग' तिला सुलट्या 'ग'पेक्षा जवळचा वाटायचा. म्हातारा पेठकडचा, बुधा नावाचा, द्राक्षाच्या बागेत कामाला आलेला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने फण्यांचा तक्ता लावला होता: तीन दात्यांची काळी फणी कुणीकडे उघडते ते नुसतं हाताने दाखवायचं. तो मात्र मान वळवून वळवून मागे बघत होता. "भिंतीवर बघू का आरशात, बाई?" "आरशात बघा बाबा. आरशातलं खरं," ती सवयीने म्हणाली, आणि तेवढ्यात एप्रनच्या खिशातला फोन थरथरला.

गिऱ्हाईक खुर्चीत असताना ती फोन बघत नसे. पण गेले नऊ दिवस ती एकाच निरोपाची वाट बघत होती, त्यामुळे हात आपोआप खिशात गेला. जपानमधल्या एका लहानशा गावातून सेन्सेईंच्या, म्हणजे तिकडच्या तलवारीच्या गुरुजींच्या, नातीने साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. आजोबांनी तुमचा व्हिडिओ दोनदा पाहिला. तुमच्या फोनने चित्र उलटं केलं आहे, पुढच्या कॅमेऱ्याने असं होतं. तलवार उजव्या कमरेला दिसते आणि डाव्या हाताने निघते. अंगरख्याची उजवी बाजू डावीवर आलेली दिसते. आमच्याकडे असा अंगरखा फक्त गेलेल्या माणसाला घालतात, म्हणून आजोबा क्षणभर दचकले, त्याबद्दल ते क्षमा मागतात. मागच्या कॅमेऱ्याने पुन्हा काढून रविवारपर्यंत पाठवाल का? आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. दूरचा एक विद्यार्थी ते यंदा घेतील, आणि तो शेवटचा. ज्योत्स्नाने निरोप पुन्हा वाचला. तिने व्हिडिओ मागच्याच कॅमेऱ्याने काढला होता. समोर बुधाने हात वर करून फणी कुणीकडे उघडते ते दाखवलं होतं, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच ज्योत्स्नाला कळेना की हा हात उजवा की डावा, आणि म्हाताऱ्याने बरोबर सांगितलं की चूक. "सांगा की वो बाई," तो घाबरून म्हणाला. "गेला का डोळा माझा?" "नाही हो बाबा, तुमचा डोळा चांगला आहे," ती म्हणाली. स्वतःच्या डोळ्यांबद्दल मात्र तिची खात्री उरली नव्हती.

संध्याकाळी ती स्कूटीवरून होळकर पुलावर आली तेव्हा थंडी उतरायला लागली होती आणि खाली नदीवर धुरकट काहीतरी साचत होतं. पुलावरच्या प्रत्येक माणसाला दोन हात आहेत हे तिला आज दिसत होतं. भेळ कालवणाऱ्याचा उजवा, फुगे देणाऱ्या बाईचा उजवा, नदी दिसताच गाडीवरूनच छातीशी जाणारा हरेकाचा उजवा. सगळं शहर उजव्या हाताने चाललं होतं आणि डावा नुसता बरोबर यायचा, न बोलावलेला पाहुणा वऱ्हाडात घुसावा तसा. तीन वर्षं रोज पहाटे आपण काय करत होतो, असं तिने स्वतःला विचारून बघितलं, आणि उत्तरादाखल हँडलवरचा डावा हात नुसता गरम झाला. त्याला बिचाऱ्याला अजून काही कळलं नव्हतं. त्याला वाटत होतं, उद्या पहाटे पुन्हा तलवार.

ती तलवार तिच्या आयुष्यात आली कशी, हे तिने कुणाला धड सांगितलं नव्हतं. अण्णा, म्हणजे तिचे वडील कोंडाजी, जाऊन पंधराएक दिवस झाले होते. पाहुण्यांची ये-जा थांबली होती, घरात नुसता फुलांचा शिळा वास राहिला होता, आणि दुपारी फोनने आपल्याच मनाने एक व्हिडिओ पुढे केला. आवाज नाही. जुनं, जरा धुरकटलेलं चित्र. लाकडी जमिनीच्या रिकाम्या खोलीत पन्नाशीचा एक माणूस, म्हणजे तेव्हाचे सेन्सेई, समोर तोंड करून गुडघ्यांवर बसलेला. तो बराच वेळ काहीच करत नाही. मग तलवार म्यानाबाहेर येते, म्हणजे आलेली दिसते, येताना दिसतच नाही. एक आडवा वार, एक उभा, आणि मग तो माणूस तलवारीकडे ढुंकूनही न बघता तिला परत म्यानात सारतो, झोपेत पांघरूण ओढावं इतक्या सहज. काढणं कुणालाही जमेल, तिला वाटलं. न बघता परत जागेवर ठेवणं, ते कसं जमत असेल? त्या दुपारी तिने तेवढाच भाग अकरा वेळा बघितला आणि अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली. त्रेचाळिसाव्या वर्षी बायका गुडघ्यांना तेल चोळतात. हिने तलवार धरली. नाशकात कराटे गल्लोगल्ली आहे, लाठी आहे, दांडपट्टाही आहे, पण ही म्यानातून तलवार काढायची जपानी विद्या शिकवणारं कुणी नव्हतं. कॉलेज रोडवरच्या एका क्लासवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, वजन कमी करायचंय का? त्याची वेगळी बॅच आहे."

मग तिने आपलं आपणच सुरू केलं. भद्रकालीतल्या एका सुताराने शिसवाची तलवार घोटून दिली. म्यान म्हणजे प्लंबरच्या दुकानातला प्लास्टिकचा पाइप, गॅसवर शेकून हलका वाकवलेला आणि काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला. निळ्या जाड कापडाचा अंगरखा तिने घरी शिवला. आई, मंगलाबाई, दारात उभी राहून बघायची आणि म्हणायची, "म्यान कसलं गं ते, नळाचा पाइप हाय. उद्या त्यातून पाणी येईल." खोलीत लोखंडी कपाट होतं, त्याच्या दाराला माणूसभर उंचीचा आरसा. त्या आरशाच्या कडेला ती फोन टेकवायची. फोनमध्ये सेन्सेईंची तलवार चित्राच्या उजव्या अंगाला, आणि आरशात तिची तलवारही उजव्या अंगाला. त्यांच्या अंगरख्याची घडी जशी, तशीच आरशातल्या बाईची. ते बसले की ती बसे, त्यांचा हात सरकला की आरशातला हात सरके, दोघं अगदी जोडीने. कुठे केसभर फरक पडला तरी तिला दिसायचा. बारीक फरक दिसण्याचाच तर तिला पगार मिळायचा. समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या हाताला येतो, हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. पण आरशातलं खरं असं दिवसातून चाळीस वेळा म्हणून जिने पोट भरलं, तिला ते तीन वर्षांत एकदाही कळलं नाही. पाठवायच्या आधी तिने स्वतःचा व्हिडिओ पाहिला होता. काहीतरी खटकलं होतं. पण फोटोत आपण आपल्याला परकेच दिसतो, असं म्हणून तिने कानाडोळा केला. आणि डावा हात तर टपूनच बसलेला होता.

तो हात अण्णांनी बांधला तेव्हा ती सहा वर्षांची होती. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा होता, थोडे गुलाब होते. गणेशवाडीच्या फुलबाजारात उजाडायच्या आत पोचायचं म्हणून अंधारातच तोड सुरू व्हायची. धुक्यात झाडं दिसत नसत, नुसता वास दिसे. त्या वासात हात घालायचा आणि फूल सापडे. तिचा हात जायचा तो डावा. "डाव्या हातानं तोडलेलं फूल देवाला चालत नाय, ज्योते," अण्णा म्हणायचे. दोन-तीनदा सांगून झालं, मग एका पहाटे त्यांनी हार गुंफायला भिजवलेलं केळीचं सोपट घेतलं आणि तिचं डावं मनगट फ्रॉकच्या पट्ट्याला मागून बांधलं. अण्णा मारकुटे नव्हते. बांधतानाही त्यांनी खाली बोट घालून बघितलं की काचत तर नाही ना. सोपट ते, शेळीने हिसका दिला तरी तुटावं असं. दोन हिवाळे रोज पहाटे ते बांधलं गेलं आणि तिने एकदाही हिसका दिला नाही. तिसऱ्या हिवाळ्यात बांधायची गरज उरली नाही. पाठीवर ओल्या केळीचा तो गार वास मात्र राहिला. अजूनही कधी भर उन्हात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघताना, तो कमरेपाशी आल्याचा तिला भास व्हायचा.

आणि मग ते जेवण. या जेवणाकडे तिचं मन गेलं की ती स्कूटी हळू करायची, तशी तिने आताही केली. अण्णांना झटका आला, उजवं अंग गेलं, तीन आठवडे दवाखान्यात काढून ते घरी आले. पहिल्या दिवशी ताट वाढलं तेव्हा त्यांनी ताटाकडे बघितलं, मग मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे, आणि मग ज्योत्स्नाकडे. जीभ जड झाली होती. "ज्योते," ते म्हणाले, "डाव्या हातानं कसं खात्यात गं?" ते थट्टा करत नव्हते. त्यांना घरात एकच माणूस माहीत होतं ज्याला हे ठाऊक असेल. ज्योत्स्नाच्या हातात भाकरी होती. "मला काय माहीत, अण्णा?" ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "मी कुठं कधी खाल्लंय?" शब्द न शब्द खरा होता. अण्णांनी मान हलवली, जणू काही त्यांना हेच उत्तर हवं होतं, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. त्यानंतर दोन वर्षं आईने त्यांना भरवलं. त्या दुपारी ज्योत्स्नाला स्वतःची लाज वाटली होती, आणि लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याची लाज आजतागायत गेली नव्हती. पुलाखाली नदी होती आणि नदीच्या त्या अंगाला रामकुंडाचे दिवे लागत होते.

रामकुंडावर दहावं तिनेच केलं होतं. ती एकुलती एक, भाऊबंद कुरकुरले तेव्हा आई म्हणाली होती, "पोरगी करंल. तिला काय हात नायत?" गुरुजी तरुण होते, भले होते, आणि घाईत होते, कारण मागे चार कुटुंबं खोळंबली होती. "ताई, ओढणी डाव्या खांद्यावर घ्या. हे सव्य. देवाचं काम असं. आता पितरांचं आहे, ओढणी उजव्या खांद्यावर. हे अपसव्य." ओढणी इकडून तिकडे, तिकडून इकडे. पिठाचे गोळे, तीळ, पायांखाली ओला दगड. शेवटचं पाणी सोडल्यावर गुरुजींनी सव्य करायला सांगितलं होतं का? सांगितलंच असणार. पण घरी येऊन आंघोळीला गेली तेव्हा ओढणी उजव्याच खांद्यावर होती, हे तिला लख्ख आठवत होतं. आईला तिने ते सांगितलं नाही. आई घाबरली असती. आज तिकडच्या त्या पोरीने लिहिलं होतं की असा अंगरखा फक्त गेलेल्या माणसाला घालतात. म्हणजे रामकुंडावरून ती परत आलीच नव्हती. रोज पहाटे गेलेल्या माणसाचा अंगरखा घालून, गेलेल्या माणसाच्या बाजूला तलवार लावून, ती आरशासमोर गुडघ्यांवर बसत होती, आणि तिला वाटत होतं की आपण काहीतरी शिकतो आहोत. तिला भीती वाटली नाही. उलट एखाद्या पत्त्यावर आपण बरेच दिवस राहत होतो आणि तो पत्ता आज कुणीतरी वाचून दाखवला, असं वाटलं.

शुक्रवारी दुकानातून आल्यावर चहा घेता घेता तिने फोनमध्ये तो व्हिडिओ उघडला. खालच्या पट्टीत पाठीला पाठ लावलेल्या दोन त्रिकोणांची खूण होती. तिने तिच्यावर बोट ठेवलं, आणि सगळं सरळ झालं. तलवार डाव्या कमरेला, उजव्या हातात मूठ, अंगरख्याची घडी जिवंत माणसाची. किती छान करत होती ती बाई! तलवार कशी अलगद निघत होती, आणि शेवटी न बघता कशी परत जात होती. तीन वर्षांची चूक एका बोटाने पुसली गेली होती. फक्त मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे उलटे झाले होते, आणि ते तिच्याइतकं सहज कुणाला वाचता आलं असतं? ती उठली आणि कॅलेंडर खिळ्यावरून काढून गादीखाली सारलं. उद्या पुन्हा काढायचा, कोऱ्या भिंतीसमोर. मग दर वेळी असंच, एक बोट. सेन्सेईंना कधी कळणार नाही. चौऱ्याऐंशीचे आहेत, ते काही मखमलाबादला यायचे नाहीत. सेन्सेईही मिळतील आणि डावा हातही राहील. आणि दुसरा रस्ता काय होता? या विद्येत डावरेपण नाही, हे तिने वाचलेलं होतं आणि वाचून सोडून दिलेलं होतं. तलवार सगळ्यांची डावीकडे, हात सगळ्यांचा उजवा. खरं सांगायचं म्हणजे दोन दिवसांत उजव्या हाताने सुरुवात करायची, धडपडायचं, आणि ती एकच जागा दुसऱ्या कुणाला जाताना बघायची. आणि हा हात पुन्हा बांधायचा. ह्या वेळी स्वतःच, शेहेचाळिसाव्या वर्षी. नाही, तिला वाटलं, हे आता कुणीही मागू नये माझ्याकडे. तिला इतका राग आला की चहाचा कप खाली ठेवताना बशी वाजली.

शनिवारी सकाळी मंगलाबाई ओसरीवर शेवंतीचा हार करत बसल्या होत्या. मळा आता अर्ध्याहून कमी राहिला होता, वाट्याने दिलेला, पण घरच्या देवाचा हार त्या स्वतः करायच्या. "क्यालेंडर कुठं गेलं गं?" त्यांनी विचारलं. "एकादस कधी हाय बघायचं व्हतं मला." आईसमोर गप्प राहणं ज्योत्स्नाला कधीच फार वेळ जमलं नव्हतं. तिने पायरीवर बसून सगळं सांगितलं: आरसा, तलवार, त्रिकोण, रविवार. मंगलाबाईंना आधी कळलं नाही, मग कळलं, आणि त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हंजे तीन वरीस उलटीच खेळली व्हय? लय लबाड हाय तो आरसा. तुझ्या बापालाबी त्यानंच नादी लावलं व्हतं."

"अण्णांना?"

"नाय तर काय. तू दुकानात गेली का म्हणायचे, माझं ताट कपाटासमोर मांड. मग त्या पाटावर बसून डाव्या हातानं घास घ्यायचे, आरशात बघून. अगं बघ, म्हणायचे मला, आरशात मी उजव्या हातानंच जेवतोय." मंगलाबाईंनी गाठ ओढली. "पयल्यांदा निम्मं अंगावर सांडायचं. कालवण तर पार बनियनवर. पण सोडलं नाय. शेवटच्या वर्साला दुपारचं सगळं जेवण आपलं आपण जेवायचे."

"मग रात्री तू का भरवायचीस?"

"रात्री तू असायची ना घरात." मंगलाबाई आता हसत नव्हत्या. "मी म्हणलं, दाखवा की पोरीला, तिला बरं वाटंल. तर म्हणले, नको. तिचा हात मी बांधला, आता त्याच हातानं तिच्यापुढं कसा खाऊ? लाजायचे गं तुला ते."

शेवंतीच्या पाकळ्या ओसरीभर पडल्या होत्या. ज्योत्स्ना उठली आणि आत गेली. कपाटासमोर ती खाली बसली, पाटावर बसलेल्या माणसाच्या उंचीला. आरशाच्या खालच्या कडेला एखादा पिवळा डाग, कालवणाचा एखादा शिंतोडा राहिला असेल म्हणून तिने चेहरा अगदी जवळ नेला. काही नव्हतं. आई दर दिवाळीला आरसा पुसायची. तिथे एक सावळा म्हातारा बसला होता, शिकवायला कुणी नसलेला, आणि मुलीने जे सांगितलं नाही ते आरशाला विचारत होता; आणि त्याच जागी, त्याच आरशासमोर, ती तीन वर्षं बसली होती. तिचा श्वास काचेवर जमला. ती रडली, आणि रडताना तिच्या लक्षात आलं की डोळे पुसायला डावा हात वर आला आहे. तिने तो पुसू दिला.

रविवारी उजाडताना तिने कॅलेंडर परत खिळ्यावर लावलं. स्टुलावर साखरेचा डबा, डब्याला टेकून फोन, मागचा कॅमेरा. आधी ती तशीच बसली जशी तीन वर्षं बसत होती: उजवी बाजू डावीवर, तलवार उजव्या कमरेला. डाव्या हाताने तलवार काढली, दोन वार केले, न बघता परत म्यानात सारली. इतकं चांगलं तिच्याकडून याआधी कधी झालं नव्हतं, आणि याच्यापुढे होणार नव्हतं. मग कॅमेरा चालू असतानाच तिने पट्टा सोडला. अंगरखा उघडून फिरवला, डावी बाजू उजवीवर घेतली, आणि काळा पाइप डाव्या कमरेला खोचला. "सव्य," ती पुटपुटली. आरशात आता सगळं चुकीचं दिसत होतं. आरशातल्या बाईची तलवार भलत्याच बाजूला होती आणि तिचा डावा हात मुठीवर होता. ज्योत्स्नाने तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, मग नजर समोरच्या रिकाम्या हवेवर ठेवली, सेन्सेई ठेवतात तशी.

उजव्या हाताने मूठ धरली आणि ओढली. तलवार निम्मी बाहेर आली आणि अडकली. तिने पुन्हा ओढली. खांदा वर आला, कोपर बाजूला गेलं, पाइपसकट पट्टा वर सरकला. याच उजव्या हाताने ती लिहायची, जेवायची, भिंगं बसवायची, आणि आता त्याला काहीच येत नव्हतं. बनियनवर कालवण सांडतं ते असं, तिला कळलं. डोक्याला सगळं माहीत असतं आणि हात परक्याच्या घरी आल्यासारखा अवघडून बसतो. ती थांबली. आणि तेव्हा म्यानाच्या तोंडाशी ठेवलेला डावा हात, जो आजपासून कामावरून गेला असं ती धरून चालली होती, तो आपला आपण हळूच मागे सरकला. त्याला वाट ठाऊक होती. त्याने म्यान मागे ओढून घेतलं, आणि उजव्या हातातली तलवार, काही न करता, बाहेर आली. "असं," ज्योत्स्ना मोठ्याने म्हणाली. "असं, अण्णा. घाई करायची नाही." परत म्यानात घालताना टोक दोनदा अंगठ्यावर आपटलं. तिसऱ्यांदा तिने बघितलं नाही, आणि ते गेलं.

व्हिडिओला तिने कुठेही हात लावला नाही. खाली लिहिलं: चित्र फोनने उलटं केलेलं नाही, मी उलटी शिकले आहे, आरशातून. पहिला भाग तीन वर्षांचा आहे, दुसरा आजच्या सकाळचा. आजोबांना दचकवल्याबद्दल मीच क्षमा मागते. जागा दुसऱ्या कुणाला द्यावी असं वाटलं तर द्यावी. मी दुसरा भाग रोज करत राहीन. मग तिने पाठवून दिलं, अंगठ्याला फुंकर घातली आणि अंगरख्यातच स्वयंपाकघरात आली. मंगलाबाईंनी बाजरीची गरम भाकरी, मेथी आणि लसणाची चटणी वाढली, ताटाच्या डाव्या अंगाला नेहमीसारखा पाण्याचा तांब्या ठेवला, आणि समोर बसून लेकीचा सुजलेला अंगठा बघितला. ज्योत्स्ना क्षणभर ताटाकडे बघत राहिली. मग तिने डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडायला घेतला. तो वेडावाकडा मोडला, निम्मी मेथी अंगरख्यावर पडली, पण घास तोंडात गेला. मंगलाबाईंनी तांब्या डावीकडून उचलला आणि उजवीकडे ठेवला.